सिमोन मात्यू यांची टेनिस कारकीर्द : क्रीडा, युद्ध आणि स्त्रीजीवन यांच्या संदर्भात एक आकलन

सारांश

फ्रान्सच्या महिला टेनिसचा इतिहास सामान्यतः सुझान लाँग्लेन या एका नावापाशी सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. लाँग्लेननंतर सर्वाधिक प्रमुख विजेतेपदे मिळविणाऱ्या फ्रेंच महिला खेळाडू सिमोन मात्यू (१९०८–१९८०) यांचे नाव मात्र बराच काळ विस्मृतीत राहिले. सहा वेळा अंतिम फेरीत पराभूत होऊन नंतर सलग दोन वर्षे विजेतेपद मिळविणारी ही खेळाडू दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये फ्रेंच स्त्रियांच्या लष्करी दलाची संस्थापक झाली. प्रस्तुत लेखात मात्यू यांच्या कारकिर्दीचा परिचय करून दिला असून, तिचा अर्थ केवळ विजय-पराजयाच्या तक्त्यातून का लागत नाही, याचे विवेचन केले आहे. नेली लाँद्री या समकालीन खेळाडूची कारकीर्द तुलनेसाठी विचारात घेतली आहे.

बीजशब्द : महिला टेनिस, हौशी क्रीडापद्धती, रोलाँ गारोस, दुसरे महायुद्ध, स्वतंत्र फ्रान्स, क्रीडा-इतिहासलेखन.

प्रस्तावना

क्रीडेचा इतिहास हा आपल्याकडे अजूनही विक्रमांचा इतिहास मानला जातो. कोणी किती सामने जिंकले, कोणत्या वर्षी कोण विजेते ठरले, एवढी नोंद झाली की विषय पूर्ण झाला, अशी समजूत आढळते. परंतु खेळाडू ज्या समाजात वाढतो त्या समाजाचे कायदे, रूढी, अर्थव्यवस्था आणि राजकारण हे सारे मैदानाच्या सीमारेषेबाहेर थांबत नाही. विशेषतः स्त्री खेळाडूच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. तिला खेळण्यासाठी मिळणारा वेळ, प्रवासाची मुभा, तिच्या नावाची होणारी नोंद आणि निवृत्तीनंतर तिची होणारी आठवण या सर्वच गोष्टी समाजाने ठरविलेल्या असतात.

या दृष्टीने विसाव्या शतकाच्या मध्यावरील फ्रान्स हे एक बोलके उदाहरण आहे. एका बाजूला महिला टेनिसला प्रचंड लोकप्रियता मिळवून देणारा हा देश. दुसऱ्या बाजूला स्त्रियांना मतदानाचा हक्क १९४४ च्या अध्यादेशापर्यंत न देणारा आणि त्यांना प्रत्यक्ष मतदानासाठी एप्रिल १९४५ पर्यंत थांबविणारा देश. या दोन टोकांमधील काळात मात्यू यांची संपूर्ण कारकीर्द घडली. विंबल्डनच्या मध्यवर्ती मैदानावर आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या या स्त्रीला मायदेशी मतपत्रिका हाती घेण्याचा अधिकार नव्हता. ही विसंगती लक्षात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे लागेल.

पार्श्वभूमी : लाँग्लेन यांचा वारसा आणि नवे क्रीडांगण

फ्रान्सची राष्ट्रीय टेनिस स्पर्धा पुरुषांसाठी १८९१ मध्ये आणि स्त्रियांसाठी १८९७ मध्ये सुरू झाली. तथापि १९२५ पर्यंत ती फ्रेंच क्लबांच्या सदस्यांपुरतीच मर्यादित होती. १९२५ मध्ये परदेशी खेळाडूंना तिचे दार उघडले आणि त्या व पुढील वर्षी लाँग्लेन यांनीच विजेतेपद मिळविले. १९२६ मध्ये त्यांनी एका अमेरिकन प्रवर्तकाशी करार करून व्यावसायिक दौरा स्वीकारला. त्या काळाच्या नियमानुसार पैसे घेऊन खेळणाऱ्यास हौशी स्पर्धांमध्ये स्थान नव्हते. त्यामुळे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी लाँग्लेन या विंबल्डन आणि फ्रेंच स्पर्धा या दोहोंपासून कायमच्या दुरावल्या.

याच सुमारास पुरुषांच्या संघाने १९२७ मध्ये डेव्हिस चषक जिंकला. त्याच्या संरक्षणासाठी पॅरिसमध्ये नवे क्रीडांगण बांधण्यात आले आणि ते १९२८ मध्ये खुले झाले. पहिल्या महायुद्धात ऑक्टोबर १९१८ मध्ये मृत्यू पावलेल्या वैमानिक रोलाँ गारोस यांचे नाव या क्रीडांगणास देण्यात आले. टेनिसच्या या मंदिराला नाव मिळाले ते टेनिसपटूचे नव्हे, तर युद्धात पडलेल्या एका वैमानिकाचे. ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने सूचक आहे. क्रीडांगण आणि रणांगण यांचा संबंध येथे प्रारंभापासूनच होता.

लाँग्लेन यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी भरून काढण्याची अपेक्षा स्वाभाविकपणे पुढील पिढीकडून होती. ती अपेक्षा ज्यांच्या वाट्यास आली त्या सिमोन मात्यू होत.

प्रारंभिक जीवन

सिमोन पास्मार यांचा जन्म ३१ जानेवारी १९०८ रोजी पॅरिसलगतच्या नुयी-स्यूर-सेन येथे झाला. वयाच्या अठराव्या वर्षापूर्वीच, १९२५ मध्ये, त्यांचा विवाह क्रीडा पत्रकार रने मात्यू यांच्याशी झाला. लवकरच मातृत्वही आले. म्हणजे ज्या वयात बहुतेक खेळाडू आपली कारकीर्द घडविण्याच्या विवंचनेत असतात, त्या वयात मात्यू यांच्यावर संसाराची जबाबदारी होती. त्यांचे सर्व प्रमुख यश हे विवाहानंतरचे आणि मातृत्वानंतरचे आहे.

तत्कालीन प्रथेनुसार विवाहित स्त्री खेळाडूंची नोंद पतीच्या आडनावाने आणि पुष्कळदा त्याच्याच आद्याक्षराने होत असे. स्पर्धेच्या तक्त्यात त्या ‘मादाम मात्यू’ होत्या; त्यांचे स्वतःचे ‘सिमोन’ हे नाव तेथे क्वचितच दिसे. ही बाब केवळ शिष्टाचाराची नव्हती. फ्रेंच नागरी कायद्यानुसार विवाहित स्त्रीला स्वतंत्र विधिक्षमता नव्हती. फेब्रुवारी १९३८ च्या कायद्याने ही अक्षमता बव्हंशी दूर केली, तरीही पत्नीच्या व्यवसायास हरकत घेण्याचा पतीचा अधिकार १९६५ पर्यंत टिकून राहिला. मात्यू यांनी फ्रान्सचे एकेरी विजेतेपद प्रथम मिळविले ते याच १९३८ साली, हा योगायोग असला तरी लक्षणीय आहे.

सहा अंतिम पराभव

मात्यू यांनी फ्रेंच स्पर्धेच्या एकेरीत एकूण आठ वेळा अंतिम फेरी गाठली. त्यांचा तपशील पुढीलप्रमाणे आहे :

१९२९ – हेलन विल्स (अमेरिका) यांच्याकडून पराभव, ३–६, ४–६
१९३२ – हेलन विल्स मूडी (अमेरिका) यांच्याकडून पराभव, ५–७, १–६
१९३३ – मार्गारेट स्क्रिव्हन (ब्रिटन) यांच्याकडून पराभव, २–६, ६–४, ४–६
१९३५ – हिल्डे स्पर्लिंग (डेन्मार्क) यांच्याकडून पराभव, २–६, १–६
१९३६ – हिल्डे स्पर्लिंग यांच्याकडून पराभव, ३–६, ४–६
१९३७ – हिल्डे स्पर्लिंग यांच्याकडून पराभव, २–६, ४–६
१९३८ – नेली लाँद्री (फ्रान्स) यांच्यावर विजय, ६–०, ६–३
१९३९ – याद्विगा येंजेयोव्स्का (पोलंड) यांच्यावर विजय, ६–३, ८–६

या तक्त्याचे वरवर वाचन केल्यास ‘अंतिम फेरीत कच खाणारी खेळाडू’ असा निष्कर्ष निघू शकतो. परंतु बारकाईने पाहिल्यास वेगळे चित्र दिसते. सहा पराभव केवळ तीन प्रतिस्पर्ध्यांकडून झाले. त्यांपैकी विल्स या त्या काळच्या निर्विवाद सर्वश्रेष्ठ खेळाडू होत्या. विंबल्डनचे एकेरी विजेतेपद त्यांनी आठ वेळा मिळविले. जर्मनीत जन्मलेल्या आणि विवाहानंतर डेन्मार्कच्या झालेल्या स्पर्लिंग या मातीच्या मैदानावरील अत्यंत चिवट खेळाडू होत्या. चेंडू परतविण्याची त्यांची क्षमता अशी होती की प्रतिस्पर्ध्याला एकेक गुण अनेकदा जिंकावा लागे. डावखुऱ्या स्क्रिव्हन यांचे १९३३ चे यश मात्र अनपेक्षित होते. मानांकन नसताना फ्रेंच स्पर्धेचे एकेरी विजेतेपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

मात्यू यांचा खेळ मुख्यतः मागील रेषेवरून खेळला जाणारा, सातत्यावर आणि भक्कम फटक्यांवर आधारलेला होता. मातीच्या मैदानावर हा खेळ प्रभावी ठरतो, कारण तेथे चेंडूचा वेग मंदावतो, उसळी अधिक मिळते आणि एका फटक्यात गुण मिळविणे कठीण होते. अशा मैदानावर संयम हेच मुख्य शस्त्र असते. परंतु संयमी खेळाडूसमोर तितकाच किंवा त्याहून अधिक संयमी खेळाडू उभा राहिला, तर हे शस्त्र बोथट होते. स्पर्लिंग यांच्याविरुद्धचे सलग तीन पराभव या खेळशैलीच्या साधर्म्यातून समजून घेता येतात. मनोबलाच्या अभावाचे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते. ज्यास मनोबल नाही तो खेळाडू नऊ वर्षांत सहा वेळा पराभूत होण्यासाठी सहा वेळा अंतिम फेरीपर्यंत पोहोचत नाही.

विंबल्डनच्या हिरवळीवर, म्हणजे आपल्या खेळास कमी अनुकूल अशा मैदानावरही, मात्यू यांनी १९३०, १९३१, १९३२, १९३४, १९३६ आणि १९३७ अशा सहा वर्षी उपांत्य फेरी गाठली. प्रतिष्ठित ब्रिटिश क्रीडा पत्रकार ए. वॉलिस मायर्स यांच्या क्रमवारीत १९३२ मध्ये त्यांना जगात तिसरे स्थान होते. १९२९ ते १९३९ या काळात पहिल्या दहा खेळाडूंमध्ये त्यांची गणना सातत्याने होत राहिली.

येथे एका भारतीय संदर्भाची नोंद करणे उचित होईल. १९३४ च्या विंबल्डन स्पर्धेत मुंबईच्या लीला राव यांनी पहिल्या फेरीचा सामना जिंकला. विंबल्डनमध्ये सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. संस्कृत कवयित्री आणि स्वतः टेनिसपटू असलेल्या पंडिता क्षमा राव यांच्या त्या कन्या. दुसऱ्या फेरीत त्यांचा पराभव झाला तो मात्यू यांच्या फ्रेंच सहकारी इदा आदामॉफ यांच्याकडून. त्याच स्पर्धेत मात्यू यांनी एकेरीची उपांत्य फेरी गाठली आणि दुहेरीचे विजेतेपद मिळविले. भारतीय महिला टेनिसचा आंतरराष्ट्रीय प्रारंभ आणि फ्रेंच महिला टेनिसचा हा कालखंड एकाच मैदानावर क्षणभर एकत्र आलेले दिसतात.

दुहेरीतील प्रभुत्व

एकेरीतील पराभवांच्या चर्चेत मात्यू यांचे दुहेरीतील यश दुर्लक्षिले जाते. एलिझाबेथ रायन यांच्या साथीने त्यांनी १९३३ आणि १९३४ या दोन्ही वर्षी फ्रेंच स्पर्धा व विंबल्डन या दोन्ही ठिकाणी महिला दुहेरीचे विजेतेपद मिळविले. त्यानंतर बिली यॉर्क यांच्यासमवेत १९३६, १९३७ आणि १९३८ मध्ये फ्रेंच दुहेरी आणि १९३७ मध्ये विंबल्डन दुहेरी जिंकली. १९३९ मध्ये येंजेयोव्स्का यांच्या साथीने त्यांनी फ्रेंच दुहेरीचे सहावे विजेतेपद मिळविले. त्या वर्षी एकेरीच्या अंतिम सामन्यात जी खेळाडू जाळ्याच्या पलीकडे होती, तीच दुहेरीत त्यांच्या शेजारी उभी होती. मिश्र दुहेरीत इव्हाँ पेत्रा (१९३७) आणि युगोस्लाव्हियाचे द्रागुतिन मितिच (१९३८) यांच्यासह त्या विजेत्या ठरल्या.

एकेरीची दोन, महिला दुहेरीची नऊ आणि मिश्र दुहेरीची दोन अशी एकूण तेरा प्रमुख विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. फ्रेंच महिला खेळाडूंमध्ये ही संख्या लाँग्लेन यांच्या खालोखाल आहे.

दुहेरीच्या खेळात सहकाऱ्याचा अंदाज घेणे, आपली जागा सोडून दुसऱ्याची जागा सांभाळणे आणि सामूहिक निर्णय क्षणार्धात घेणे आवश्यक असते. अमेरिकन, ब्रिटिश, पोलिश आणि युगोस्लाव्ह अशा विविध देशांच्या साथीदारांसह हे कौशल्य सिद्ध करणे सोपे नव्हे. मात्यू यांच्या पुढील आयुष्यातील संघटनकार्याचा विचार करताना त्यांचा हा गुण ध्यानात ठेवावा लागतो.

१९३८ आणि १९३९ : विलंबाने आलेले यश

१९३८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, मात्यू यांनी अखेर फ्रेंच एकेरीचे विजेतेपद मिळविले. एवढेच नव्हे तर त्याच स्पर्धेत महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरीही जिंकून त्यांनी तिहेरी यश संपादन केले. १९२६ च्या लाँग्लेन यांच्या विजयानंतर प्रथमच एका फ्रेंच महिलेकडे एकेरीचे विजेतेपद परत आले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच, ४ जुलै १९३८ रोजी, लाँग्लेन यांचे निधन झाले.

१९३९ मध्ये मात्यू यांनी विजेतेपद राखले. आता त्या एकतीस वर्षांच्या होत्या आणि त्यांचा खेळ परिपक्व झाला होता. परंतु सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले. अमेरिकेतील स्पर्धांसाठी गेलेल्या मात्यू मायदेशी परतल्या. आंतरराष्ट्रीय टेनिस खंडित झाले ते पुढील सहा वर्षांसाठी. दहा वर्षांच्या प्रयत्नांनंतर यश हाती आले आणि दोन वर्षांतच खेळच थांबला, असा हा प्रसंग होता.

लंडनमधील कार्य

जून १९४० मध्ये फ्रान्सचा पराभव झाला. १८ जून रोजी जनरल द गॉल यांनी लंडनहून आकाशवाणीद्वारे प्रतिकार चालू ठेवण्याचे आवाहन केले. त्या आवाहनास प्रतिसाद देणाऱ्या, संख्येने अत्यल्प असलेल्या प्रारंभिक व्यक्तींमध्ये मात्यू यांचा समावेश होतो. ब्रिटनमध्ये स्त्रियांचे साहाय्यक लष्करी दल कार्यरत होते. त्या धर्तीवर स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यातही स्त्रियांचे दल असावे, अशी कल्पना पुढे आली आणि नोव्हेंबर १९४० मध्ये असे दल स्थापन होऊन त्याचे नेतृत्व मात्यू यांच्याकडे सोपविण्यात आले. पुढे हे दल ‘फ्रेंच स्वयंसेविका दल’ या अर्थाच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

या दलातील स्त्रिया वाहनचालक, दूरध्वनी चालक, टंकलेखक, परिचारिका अशी कामे करीत. आजच्या दृष्टीने ही कामे दुय्यम वाटण्याचा संभव आहे. परंतु तत्कालीन फ्रेंच परंपरेत गणवेशधारी, लष्करी शिस्तीखाली आणि लष्करी दर्जासह काम करणारी स्त्री ही कल्पनाच नवीन होती. ज्या देशाच्या संसदेसाठी ती मत देऊ शकत नव्हती, त्या देशाच्या सैन्यात ती आता शपथबद्ध होती. दुसरीकडे, मायदेशातील विशी राजवटीने ऑक्टोबर १९४० च्या कायद्याने विवाहित स्त्रियांच्या शासकीय नोकरीवर निर्बंध आणले होते. ‘स्त्रीचे स्थान घरात’ हे विशीचे अधिकृत धोरण होते. त्यामुळे लंडनमधील या दलाचे अस्तित्व हे लष्करी गरजेइतकेच वैचारिक उत्तरही ठरले.

१९४१ च्या अखेरीपर्यंत दलाची सूत्रे एलेन तेरे यांच्याकडे गेली. मात्यू यांनी स्वतंत्र फ्रान्सच्या सेवेत पुढेही काम चालू ठेवले आणि त्या कॅप्टन पदापर्यंत पोहोचल्या. या दलातील एक सदस्या तेरेस्का तोरेस यांनी आपल्या अनुभवांवर आधारलेली कादंबरी १९५० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केली आणि ती अफाट खपली. परिणामी या दलाविषयी सर्वसामान्य वाचकांची माहिती कादंबरीतून तयार झाली. त्याच्या संस्थापक क्रीडापटूचे नाव मात्र मागे पडले.

क्रीडांगणाचे युद्धकालीन रूप

मात्यू यांचे निर्णय समजून घेण्यासाठी त्यांनी ज्या मैदानावर विजय मिळविले त्याचे या काळात काय झाले, हे पाहणे आवश्यक आहे. युद्धाच्या प्रारंभी फ्रेंच शासनाने रोलाँ गारोसचा उपयोग ‘अनिष्ट’ परकीय नागरिकांना डांबण्यासाठी केला. नाझी राजवटीपासून पळून आलेले अनेक विरोधकही त्यात होते. लेखक आर्थर कोसलर यांना १९३९ च्या ऑक्टोबरमध्ये येथे ठेवण्यात आले होते. त्यांनी १९४१ च्या आपल्या आत्मकथनात या अनुभवाची नोंद केली आहे. मात्यू यांच्या दुसऱ्या विजयानंतर अवघ्या काही महिन्यांत त्याच प्रेक्षागाराखाली माणसे बंदिवासात होती.

फ्रेंच पुरुष टेनिसमधील सुप्रसिद्ध चौघांपैकी एक, जाँ बोरोत्रा, हे १९४० ते १९४२ या काळात विशी राजवटीचे क्रीडा आयुक्त होते. पुढे नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मनांनी त्यांना अटक केली आणि युद्धाच्या अखेरीपर्यंत ते बंदिवासात राहिले. एकाच खेळातील, एकाच पिढीतील दोन विजेत्यांनी १९४० मध्ये परस्परविरोधी मार्ग निवडले. ‘खेळाचा राजकारणाशी संबंध नसतो’ हे विधान किती पोकळ आहे, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

विशीच्या काळात, १९४१ ते १९४५ दरम्यान, रोलाँ गारोसवर राष्ट्रीय स्वरूपाची स्पर्धा भरविण्यात आली. परंतु फ्रेंच टेनिस महासंघ त्या स्पर्धांच्या विजेत्यांना अधिकृत सूचीत स्थान देत नाही. अधिकृत नोंदीनुसार १९३९ च्या विजेत्या सिमोन मात्यू आहेत आणि त्यानंतरच्या विजेत्या १९४६ च्या मार्गारेट ऑस्बोर्न. ही बाब क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. आकडेवारीची सूची ही निर्विकार वस्तू असते असे आपण मानतो. वास्तविक कोणती स्पर्धा मोजावी आणि कोणती मोजू नये, हा निर्णय मूल्यनिर्णय असतो.

ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले. सप्टेंबर १९४४ मध्ये रोलाँ गारोसवर मुक्तीनिमित्त सामना आयोजित करण्यात आला. आंरी कोशे आणि इव्हाँ पेत्रा हे खेळाडू होते. पंचाच्या उंच खुर्चीवर लष्करी गणवेशातील कॅप्टन सिमोन मात्यू बसल्या होत्या. पेत्रा हे त्यांचे १९३७ च्या मिश्र दुहेरीतील साथीदार. मधल्या काळात त्यांनी जर्मन युद्धबंदी म्हणून दिवस काढले होते. पुढे १९४६ मध्ये ते विंबल्डनचे विजेते झाले.

तुलना : नेली लाँद्री

युद्धाने खेळाडूंच्या आयुष्यातून काय हिरावून घेतले, याचे मोजमाप नेली लाँद्री यांच्या कारकिर्दीवरून करता येते. नेली अ‍ॅडमसन यांचा जन्म डिसेंबर १९१६ मध्ये बेल्जियममधील ब्रुज येथे झाला. फ्रेंच टेनिसपटू पिएर-आंरी लाँद्री यांच्याशी विवाह झाल्यानंतर त्या फ्रेंच नागरिक झाल्या. १९३८ च्या अंतिम सामन्यात मात्यू यांच्याकडून पराभूत झाल्या तेव्हा या डावखुऱ्या खेळाडूचे वय एकवीस वर्षांचे होते. सामान्य परिस्थितीत पुढील दशक त्यांच्या उत्कर्षाचे ठरले असते.

प्रत्यक्षात त्यांना विजेतेपद मिळाले ते १९४८ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. उपांत्य फेरीत विद्यमान विजेत्या पॅट्रिशिया टॉड यांनी आपला सामना मध्यवर्ती मैदानावर नाही म्हणून खेळण्यास नकार दिला आणि लाँद्री यांना पुढे चाल मिळाली. अंतिम सामन्यात त्यांनी शर्ली फ्राय यांचा ६–२, ०–६, ६–० असा पराभव केला. १९४९ मध्ये त्या पुन्हा अंतिम फेरीत पोहोचल्या, पण मार्गारेट ऑस्बोर्न ड्यूपाँट यांच्याकडून ५–७, २–६ अशा पराभूत झाल्या. २०१० मध्ये वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मात्यू आणि लाँद्री या दोघींमध्ये एक साम्य आहे. दोघींनाही पहिले एकेरी विजेतेपद तिशी गाठल्यानंतर मिळाले. भेद असा की मात्यू यांना त्यासाठी प्रतिस्पर्ध्यांशी झुंजावे लागले, तर लाँद्री यांच्या आयुष्यातील दहा वर्षांचे अंतर मुख्यतः युद्धाने निर्माण केले. लाँद्री यांच्यानंतर ही स्पर्धा जिंकणाऱ्या फ्रेंच महिला दोनच : फ्रान्स्वाज द्यूर (१९६७) आणि मेरी पियर्स (२०००). यावरून मात्यू यांच्या सलग दोन विजयांचे मोल अधिक स्पष्ट होते.

हौशी पद्धतीचा प्रश्न

या सर्व खेळाडू हौशी पद्धतीत खेळल्या. १९६८ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना प्रवेश मिळेपर्यंत प्रमुख स्पर्धांत विजेत्यांना बक्षिसाची रक्कम मिळत नसे. खेळाची शुद्धता राखणे हा या पद्धतीचा घोषित हेतू होता. प्रत्यक्षात तिचा परिणाम असा होई की, ज्यांच्या घरी सुस्थिती आहे किंवा ज्यांना संघटनेचा आश्रय आहे त्यांनाच दीर्घकाळ खेळणे शक्य होई. स्त्रियांच्या बाबतीत ‘घरची सुस्थिती’ याचा अर्थ बहुधा वडिलांची किंवा पतीची सुस्थिती आणि संमती असाच होता. लाँग्लेन यांनी ही चौकट मोडली आणि त्याची किंमत मोजली. मात्यू चौकटीत राहिल्या. मात्र युद्धकाळात त्यांनी स्त्रीजीवनाची दुसरी, अधिक जुनी चौकट ओलांडली. कोणती बंडखोरी मोठी, हे ठरविण्याचे कारण नाही. दोन्ही उदाहरणे मिळून त्या काळातील स्त्री खेळाडूसमोरील पर्यायांची मर्यादा दाखवितात.

विस्मृती आणि पुनःस्मरण

मात्यू यांचे ७ जानेवारी १९८० रोजी निधन झाले. त्यानंतर त्यांची स्मृती टप्प्याटप्प्याने जागविली गेली. फ्रेंच स्पर्धेतील महिला दुहेरीच्या चषकास त्यांचे नाव देण्यात आले. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस कीर्तिमंदिरात त्यांचा मरणोत्तर समावेश झाला. २०१९ मध्ये रोलाँ गारोसच्या विस्तारात ओतेय येथील वनस्पती उद्यानाच्या परिसरात सुमारे पाच हजार आसनांचे नवे मैदान खुले झाले. वास्तुविशारद मार्क मिमराम यांनी ते काचेच्या वनस्पतिगृहांनी वेढलेले असे रचले आहे. या मैदानास ‘सिमोन मात्यू’ हे नाव देण्यात आले. पतीच्या आद्याक्षराने नोंदल्या जाणाऱ्या खेळाडूचे स्वतःचे नाव शेवटच्या सामन्यानंतर अनेक दशकांनी त्या परिसरात कोरले गेले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, मात्यू यांच्या सहा अंतिम पराभवांचे स्पष्टीकरण खेळशैली आणि प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा यांतून मिळते. ते दौर्बल्याचे लक्षण नाही. दुसरा, तेरा प्रमुख विजेतेपदांपैकी अकरा दुहेरी आणि मिश्र दुहेरीतील असल्यामुळे, केवळ एकेरीवर आधारित मूल्यमापन त्यांच्या कारकिर्दीवर अन्याय करते. तिसरा, विक्रमांच्या अधिकृत सूचीमागे राजकीय व नैतिक निर्णय असतात आणि अभ्यासकाने सूची वाचताना ते निर्णयही वाचले पाहिजेत. चौथा, स्त्री खेळाडूच्या विस्मृतीची कारणे तिच्या कर्तृत्वात नसून नोंद ठेवण्याच्या पद्धतीत असू शकतात.

हा शेवटचा मुद्दा आपल्या महाविद्यालयीन अध्यापनाशी निगडित आहे. इतिहास, समाजशास्त्र आणि शारीरिक शिक्षण या विषयांचे अध्यापन आपण वेगवेगळ्या वर्गांत करतो. मात्यू यांच्यासारख्या व्यक्तीचा अभ्यास या तिन्ही विषयांनी एकत्र आल्याशिवाय पूर्ण होत नाही. लीला राव यांच्यासारख्या आपल्याकडील खेळाडूंची साधार चरित्रे तयार करावयाची असतील, तर तत्कालीन वृत्तपत्रे, क्लबांच्या नोंदवह्या आणि कौटुंबिक कागदपत्रे यांचा शोध याच व्यापक दृष्टीने घ्यावा लागेल. असे संशोधन विद्यार्थ्यांच्या लघुप्रकल्पांतूनही सुरू करता येण्यासारखे आहे.